बिननावाची पुडी

अर्धशिशी हे असं दुखणं आहे की त्यावर काहीही करा, गुण येतो. चेष्टा करत नाही. सव्वीस वर्षं मी हे डोकं सांभाळते आहे आणि गुण न आलेला उपाय मला एकही आठवत नाही. माहेरी, इंदूरच्या रामबागेत, आजी आदल्या रात्रीच जिलेबी आणून ठेवायची. पहाटे अंधारात मला उठवायची, उकळत्या दुधात जिलेबी सोडायची आणि सूर्य उगवायच्या आत, कुणाशी एक शब्द न बोलता, ती वाटी रिकामी करायला लावायची. गुण आला. शेजारच्या काकूंनी नाकात गाईचं तूप सोडायला सांगितलं, त्याने आला. सुंठ उगाळून लेप लावला, आला. होमिओपॅथीच्या साखरगोळ्यांनी आला. एका आत्याने मीठमोहरी ओवाळून दृष्ट काढली, तर त्यानेसुद्धा आला. आणि दर वेळी दीडदोन महिन्यांत पाहुणा परत दारात हजर.

माझं आयुष्य सियागंजातल्या व्यापाऱ्यांच्या वह्या तपासण्यात गेलं. एकाच खात्यात इतक्या जणांनी जमा दाखवली की मला ते खातं उघडून बघावंसं वाटतं. उघडल्यावर दिसतं ते असं: माणूस नवा वैद्य कधी गाठतो, तर दुखणं टोकाला गेलं की. महिन्यातून दोनदा येणारी कळ आठदा यायला लागली की कुणीतरी पत्ता देतं, ‘एकदा दाखवून तर बघ’ म्हणतं. टोकाला गेलेलं दुखणं पुढच्या महिन्यात बहुधा आपलं आपणच उतरतं आणि त्या उतरणीवर ज्याची पुडी हाती असते तो धन्वंतरी ठरतो. श्रावणात दुकान बसलं म्हणून शेठजींनी शांत करून घेतली आणि लग्नसराईत गल्ला भरला, तर दक्षिणा भटजींना मिळते, लग्नसराईला नाही. त्यातून अर्धशिशीचा एकेक झटका औषधाविनाही सरतो. आजाराच्या आजच्या व्याख्येतच त्याची मुदत ४ ते ७२ तास दिली आहे. तिसऱ्या दिवशी जे काही पोटात गेलं असेल त्याचं नाव होतं.

म्हणून ‘अर्धशिशीवर आयुर्वेद चालतो का?’ या प्रश्नावर इंदूरच्या कुठल्याही मराठी घरात ‘आमच्या वहिनींना फार फरक पडला’ हे उत्तर मिळतं, आणि वहिनी खोटं बोलत नसूनही ते उत्तर म्हणून कामाचं नसतं. वहिनींनी दिवस मोजलेले नसतात. आठवण ही फार लबाड कारकून आहे. वाईट दिवसांची ती ठळक नोंद करते आणि बरे दिवस लिहायचंच विसरते.

गंमत म्हणजे आपल्या जुन्या ग्रंथकारांना मोजायचं भान होतं. सुश्रुताने आपल्या संहितेच्या शेवटच्या भागात, उत्तरतंत्रात, अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतल्या अर्धावभेदकाचं, म्हणजे आपल्या अर्धशिशीचं, वर्णन करताना तो अर्धं डोकं फुटल्यासारखं दुखणं, टोचणं, भोवळ एवढ्यावर थांबत नाही. दुखणं कधी येतं हेही लिहितो: ‘पक्षाद् दशाहादथवाऽप्यकस्मात्’. पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अवचित. कुणीतरी रोग्याशेजारी बसून तिथी मोजल्याशिवाय हे वाक्य लिहिता येत नाही. उन्हाबरोबर चढणारी आणि ऊन कललं की उतरणारी डोकेदुखी त्याने वेगळी काढली, तिला सूर्यावर्त म्हटलं. आजीची पहाटेची जिलेबी बहुधा त्या सूर्यावर्ताचीच दूरची नात असावी. चरक अर्धावभेदकाला वाताचा किंवा वातकफाचा म्हणतो, सुश्रुत तिन्ही दोषांचा. म्हणजे दोघांचं एकमत नव्हतं आणि ते लपवायची गरजही कुणाला वाटली नाही. आजच्या आयुर्वेदाच्या जाहिरातींत मला सगळ्यात जास्त उणीव जाणवते ती या मतभेदाच्या सवयीची.

माझा आयुर्वेदावर राग नाही. लोकमान्य नगरातल्या एका वैद्यांनी मला पहिल्या भेटीत चाळीस मिनिटं दिली, तोवर माझ्या डोक्याला इतका वेळ कुणीच दिला नव्हता. जेवण किती वाजता, झोप कशी, पाळीच्या आधी दुखतं की नंतर, प्रवासात कोणत्या बाजूला ऊन होतं. शेवटचा प्रश्न ऐकून मला हसू आलं होतं, पण उत्तर माझ्याकडे होतं: उज्जैनला जाताना खिडकीची जागा मी कधीच घेत नाही. मग त्यांनी चरकाने दिलेली कारणं वाचून दाखवली. रुक्ष खाणं, जेवणावर जेवण, पूर्वेचा वारा, दव, अतिश्रम आणि वेगसंधारण. वेग अडवणं म्हणजे फक्त लघवी किंवा शिंक दाबणं असं मला वाटायचं. चरकाच्या तेरा वेगांत भूक आहे, तहान आहे आणि झोपही आहे. मार्चअखेरीला मी नेमके हेच तीन वेग अडवून बसलेली असते, चौथा चहा समोर ठेवून. आजचा मेंदूरोगतज्ज्ञही पहिल्या भेटीत हेच सांगतो: जेवण चुकवू नका, झोपेची वेळ मोडू नका. दोन हजार वर्षांच्या अंतराने दोघे एकाच वाक्यावर येतात, तेव्हा ते ऐकावं.

त्या वैद्यांकडे नस्य, म्हणजे नाकातून औषध घेण्याचा उपचार, तोही केला. आधी कोमट तेलाने कपाळ, गाल, मानेला मालीश, मग टॉवेल गुंडाळून वाफ. मग खाटेवर पाठ टेकून मान मागे लोंबती सोडायची. एक नाकपुडी दाबून दुसरीत अणुतेलाचे थेंब. डोळ्यांतून पाणी येतं, कानात काहीतरी सरकल्यासारखं होतं आणि घशात कडू, तिळासारखी चव उतरते, ती गिळायची नाही, थुंकायची. दहा मिनिटं छताकडे बघत पडायचं. सात दिवस रोज. बरं वाटलं? खूप. डोकं दुखायचं थांबलं? ते पुढे सांगते. नुसतं ‘बरं वाटलं’ यावर मी कुणाच्या ताळेबंदावर सही केलेली नाही.

याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. देवासच्या पुढे एका गावात एक गृहस्थ गुरुवारी बसायचे. कुणाच्या तरी साडूला गुण आला होता. सकाळी सहाला नंबर लावायचा, दोन मिनिटं नाडी, की हातात चाळीस पुड्या. हिंदी वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे, प्रत्येकात चिमूटभर राखाडी पांढरी पूड, सकाळ-रात्र मधातून. एका पुडीवर क्रिकेटचा अर्धा स्कोअर होता, तो मला अजून आठवतो, कारण त्या पुडीवर वाचण्यासारखं तेवढंच होतं. काय आहे यात, मी विचारलं. ‘जड़ी-बूटी है बेटा, नुकसान कुछ नहीं करेगी.’

नऊ आठवडे एकदाही डोकं दुखलं नाही. मी दहा जणांना पत्ता दिला. मग ते गृहस्थ महिनाभर तीर्थाला गेले, पुड्या संपल्या आणि सलग सहा दिवस असं दुखलं की मी न्हाणीघरात दिवा न लावता बादलीशेजारी बसून काढले. दरम्यान चेहरा सुजल्यासारखा झाला होता. माझ्या डॉक्टरांनी एक उरलेली पुडी उघडली, वास घेतला, बोटावर चोळली आणि विचारलं, ‘बिल आहे? चिठ्ठी आहे? नाव?’ नव्हतं. पुडीत स्टेरॉइड होतं, दुखणं मारणारी एखादी साधी गोळी कुटलेली होती, की खरंच नुसतं गोदंती नावाच्या खनिजाचं भस्म आणि सुंठ होती, हे मला कधीच कळलं नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे. तो माणूस लबाड होता असं मी म्हणत नाही. म्हणायला माझ्याकडे काही नाही. स्वतःच्या पोटात नऊ आठवडे गेलेल्या वस्तूबद्दल मला एक शब्द लिहिता येत नाही, आणि ते कायद्याला चालतं.

चालतं हे मी नंतर वाचलं. १९४० च्या औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्यात आयुर्वेदिक औषधांच्या निर्मितीसाठी परवान्याची अट आहे, पण कलम ३३ ईईसी मध्येच एक सूट आहे: वैद्य किंवा हकीम स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनवत असेल तर ही परवान्याची अट त्याला लागू नाही. सुटीमागचा हेतू मला समजतो. खलबत्ता घेऊन बसलेल्या वैद्याला कारखानदाराचे नियम लावले तर त्याची परंपराच मोडेल. वैद्याने समोरच्या माणसासाठी काढा उकळावा, जरूर उकळावा. पण त्यात काय घातलं हे दोन ओळींत लिहून देण्याने कुठली परंपरा मोडते? सराफ्यातला सोनार नथ दुरुस्त करायला घेतली तरी वजन लिहून चिठ्ठी देतो. सूट राहू दे. तिच्याबरोबर एक अट घाला: पुडीवर औषधाचं नाव, घटक, तारीख आणि देणाऱ्याची सही. ज्याला सही करायची नाही त्याने पुडी देऊ नये.

‘ते गुपित आहे, गुरूने दिलंय’ हे उत्तर मी बऱ्याच जणांकडून ऐकलं. शार्ङ्गधर या जुन्या ग्रंथकाराने डोकेदुखीवरचा पथ्यादि काढा लिहून ठेवला तेव्हा हिरडा, बेहडा, आवळा, काडेचिराईत, हळद, कडुनिंब, गुळवेल अशी सातही नावं उघड लिहिली. पुस्तकात गुपित नव्हतं, मग पुडीत कुठून आलं?

बाटलीबंद औषधांचा प्रश्न वेगळा. तिथे नाव असतं, पुरावा नसतो. ग्रंथात सांगितलेल्या औषधाला त्याच उपयोगासाठी परवाना देताना त्याचा परिणाम नव्याने दाखवा असं कुणी म्हणत नाही, ग्रंथाचा आधार पुरतो. इथे ‘पाच हजार वर्षांचा अनुभव’ हे वाक्य हमखास येतं. डोकेदुखीवर सर्रास दिला जाणारा शिरःशूलादिवज्र रस घ्या. पारा, गंधक, लोह, गुग्गुळ असलेली ही गोळी भैषज्यरत्नावलीतली, आणि तो ग्रंथ अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या आसपासचा. चरकाने ही गोळी पाहिलेली नाही. त्यात कमीपणा काही नाही. आयुर्वेद वाढत राहिला याचाच तो पुरावा. सोळाव्या शतकात भावमिश्र या वैद्याने पोर्तुगीजांबरोबर आलेला फिरंगरोग (सिफिलिस) आणि त्यावरची चोपचिनी ही मुळी आपल्या ग्रंथात घेतली, हे तर मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. नव्या रोगाला नवं औषध लिहिणारी विद्या नवी तपासणी मागितल्यावर मात्र एकदम पाच हजार वर्षांची होते. धातूंच्या बाबतीत तर तपासणी टाळताच येणार नाही. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शोधन-मारणाने, म्हणजे शुद्ध करून भस्म केल्याने, धातू निर्विष होतो हा दावा असेल तर प्रत्येक घाण्याचा प्रयोगशाळेतला आकडा डबीवर छापा, वाद तिथेच मिटेल.

गोळीवाल्यांनी इथे खूश होऊन टाळ्या वाजवू नयेत. पुडीच्या आधीची दहा वर्षं मी डोकेदुखीची गोळी कोपऱ्यावरच्या दुकानातून, चिठ्ठीविना, चॉकलेटसारखी आणत होते. दुकानदार भैया मला बघितलं की विचारायचाही नाही, पट्टी काढून ठेवायचा. महिन्यातले सतरा-अठरा दिवस एक तरी गोळी. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस आणि मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीच्या झटक्यावरची खास गोळी) दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीच डोकेदुखीचं कारण होऊन बसते, हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं? लोकमान्य नगरच्या वैद्यांनी. गोळी लिहून देणाऱ्यांपैकी कुणालाही मला ते सांगायला वेळ मिळाला नव्हता. अर्धशिशीला कंटाळलेली बाई पुडीकडे वळते, ती अंधश्रद्धाळू असते म्हणून नव्हे. तिकडे कुणीतरी तिच्याकडे बघून बोलतं. बाई म्हणते आहे, कारण हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांना जवळजवळ तिप्पट होतं, आणि ‘डोकं दुखतंय’ या वाक्याला घरात जी किंमत मिळते ती सगळ्यांना ठाऊक आहे.

आता वैद्यमंडळींचा सगळ्यात वजनदार आक्षेप. आयुर्वेद माणूस बघून औषध देतो. दोन बायकांची अर्धशिशी एक नसते, एकीला पित्त, दुसरीला वात. मग शंभर जणींना एकच गोळी देऊन चाचणी कशी घेणार? आक्षेप खरा आहे, पण त्याने चाचणी अडत नाही. शंभरांना एकच गोळी देऊच नका. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या जणी वैद्यांकडे पाठवा, त्यांना प्रकृती बघून काय हवं ते देऊ दे, नस्य, काढा, पथ्य, सगळं. उरलेल्या अर्ध्या नेहमीच्या उपचारावर ठेवा. तीन महिने दोन्ही गटांतल्या जणींनी रोज एकच गोष्ट लिहायची: आज दुखलं की नाही. शेवटी दिवस मोजा. नस्य करतो आहोत की नाही हे रुग्णापासून लपवता येत नाही, हे मान्य. योगही लपवता येत नाही. तरीही दिल्लीच्या एम्समध्ये अर्धशिशीच्या १६० रुग्णांवर असाच अभ्यास झाला, अर्ध्यांना नुसती औषधं, अर्ध्यांना औषधांबरोबर योग. तीन महिन्यांनी योगवाल्यांचं दुखण्याचं प्रमाण आणि तीव्रता जास्त उतरलेली दिसली, आणि २०२० मध्ये तो अभ्यास ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात छापून आला. योगाची अब्रू त्याने गेली नाही, वाढली. आणि औषध कसं काम करतं हे आधी सिद्ध करा असंही माझं म्हणणं नाही. प्रोप्रॅनोलॉल ही गोळी हृदयासाठी होती. १९६० च्या दशकात छातीदुखीच्या रुग्णांवर ती वापरताना त्यांची अर्धशिशीही कमी झाल्याचं लक्षात आलं, मग रीतसर मोजणी झाली आणि आज जगभर ती या दुखण्यावर देतात. सुरुवात वहिनींच्या अनुभवासारखीच होती. पुढे कुणीतरी वही उघडली, एवढाच फरक.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हा समज मात्र सोडावा लागेल. बटरबर नावाच्या युरोपी वनस्पतीचा अर्क अर्धशिशीवर चाचण्यांत उपयोगी ठरला होता, अमेरिकन मेंदूरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ मध्ये त्याची शिफारसही केली. यकृताला इजा होण्याची भीती पुढे आल्यावर २०१५ मध्ये ती शिफारस मागे घेतली. मोजणाऱ्यालाच मागे घेता येतं.

आणखी एक, ते सांगायला मी कधी चुकत नाही: आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी एका क्षणात फुटली, हात किंवा तोंड वाकडं पडलं, ताप येऊन मान ताठ झाली, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखायला लागलं, तर पथ्य नाही, काढा नाही, सरळ मोठ्या इस्पितळात. माझ्या वैद्यांच्या खोलीतही ही ओळ कागदावर लिहून भिंतीला लावलेली आहे.

राहिला माझा हिशोब. पुडीच्या प्रकरणानंतर मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने ठिपके द्यायला सुरुवात केली. दुखलं, ठिपका. गोळी घेतली, त्याभोवती गोल. तीन महिन्यांची पानं घेऊन मी लोकमान्य नगरला गेले. वैद्यांनी चष्मा वर केला, पानं खिडकीजवळ नेली आणि म्हणाले, ‘ताई, तुमची अर्धशिशी फार धार्मिक आहे.’ सहाच्या सहा एकादशांना किंवा दुसऱ्या दिवशी ठिपका होता. तिन्ही संकष्ट्यांनाही. चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं, मग साबुदाण्याची खिचडी आणि सकाळी डोकं. सव्वीस वर्षं मी पित्ताला, उन्हाला, जीएसटीला दोष देत होते आणि छापील तिथ्या भिंतीवर लटकत होत्या.

उपास सोडले. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत, मग त्यांनीच एकादशीला सकाळी माझ्यासाठी थालीपीठ लावलं. गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी केल्या, रोजची प्रतिबंधक गोळी सहा महिने घेतली. नस्य वर्षातून दोनदा करते. आधी महिन्याला अकरा-बारा ठिपके असायचे, आता तीन-चार. यातलं किती उपासाचं, किती गोळ्या सुटल्याचं, किती प्रतिबंधक गोळीचं आणि किती अणुतेलाचं, हे माझ्या वहीतून वेगळं काढता येत नाही. एका माणसाच्या वहीतून ते निघत नसतंच. त्यासाठी शंभर जणींच्या वह्या लागतात आणि त्या जमवायचं काम आयुष मंत्रालयाचं आणि आयुर्वेद महाविद्यालयांचं आहे, माझं नाही.

गेल्या महिन्यात वैद्यांनी विचारलं, ‘हे पान मी ठेवून घेऊ का? दुसऱ्या पेशंटांना दाखवीन.’ मी म्हटलं फोटो काढा. पान देता आलं नसतं. त्याच चौकोनांत निळ्या पेनाने दुधाचा हिशोब होता आणि महिना संपायला नऊ दिवस बाकी होते.